रेल्समध्ये कापूस गाडीच्या नोंदीला स्टेट मशीन कसं लावावं?

भाऊ, तुमच्या जिनिंगच्या ॲपमध्ये काटा (वजन) व्हायच्या आधीच चुकारा (शेतकऱ्याचं पेमेंट) ‘झाला’ दिसतो, कारण स्टेटस हा नुसता स्ट्रिंग (साध्या मजकुराचा) कॉलम आहे. कुठूनही काहीही लिहिता येतं. एएएसएम (AASM) जेम लावा; ही रेल्सची तयार लायब्ररी स्टेट मशीन देते, म्हणजे नोंद ठरलेल्या अवस्थांमधून ठरलेल्या वाटेनंच पुढे जाते. मॉडेलमध्ये आवक, काटा, प्रतवारी, चुकारा या अवस्था लिहा आणि प्रत्येक इव्हेंटला (अवस्था बदलणाऱ्या क्रियेला) कुठून कुठे जायचं ते सांगा. चुकीची उडी मारली की इनव्हॅलिड-ट्रान्झिशन एरर येतो.

सगळे फसतात ते इथं: इव्हेंटची मेथड उद्गारचिन्हाशिवाय बोलावली तर अवस्था फक्त मेमरीत बदलते, डेटाबेसात जात नाही. चिन्ह लावलं की सेव्ह होते. माझा एक पूर्ण दिवस यातच गेला, तोही ऐन सीझनमध्ये.

‘नो डायरेक्ट असाइनमेंट’ चालू ठेवा, म्हणजे कोणी थेट स्टेटस लिहिणार नाही. तरी डेटाबेसात थेट लिहिणाऱ्या अपडेट-कॉलम आणि अपडेट-ऑल या मेथड त्याला जुमानत नाहीत, ते कोडमध्ये शोधून काढा. दोन काउंटरवरून एकाच गाडीचा चुकारा निघू नये म्हणून इव्हेंट विथ-लॉकमध्ये (एका वेळी एकालाच ती नोंद बदलू देणाऱ्या कुलपात) चालवा. शेतकऱ्याला जाणारा एसएमएस रेल्सच्या आफ्टर-कमिटमध्येच (डेटाबेसात बदल पक्का झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) टाका. नाहीतर ट्रान्झॅक्शन मागे फिरतं अन् मेसेज मात्र गावात पोचलेला असतो.