यात्रेत चिलमीच्या धुरात बसलो, ओढली नाही. नोकरीसाठी केसांची चाचणी आहे, गांजा दिसेल का?

भाऊ, फक्त धुरात बसल्याने तुम्ही ओढणारे ठरायला नको. पण चाचणी कोणती आहे ते आधी विचारा.

धुरातलं टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा पदार्थ, केसांवर बसतं. प्रयोगशाळा केस धुऊन घेते, तरी ते पूर्ण निघेलच असं नाही. म्हणून चांगली प्रयोगशाळा टीएचसी-सीओओएच शोधते. हा पदार्थ गांजा शरीरात गेल्यावर यकृतात तयार होतो, धुराबरोबर येत नाही. केसांत तो इतका कमी उतरतो की नेहमीची मर्यादा एका मिलिग्रॅम केसाला ०.२ पिकोग्रॅम आहे, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! त्याला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारं यंत्रच लागतं. पहिल्या झटपट चाचणीवरून कुणी निकाल देत असेल तर पक्की चाचणी मागा.

नमुना डोक्याच्या मागच्या बाजूने, मुळाशी कापतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून ३ सेंटिमीटरमध्ये अंदाजे ९० दिवस येतात. एखाद्या वेळचं सेवन बहुधा सापडत नाही. ही चाचणी मुख्यतः नेहमीच्या वापरासाठी.

मित्र टक्कल करायला सांगत असतील तर ऐकू नका. मग छातीचे-काखेचे केस घेतात, आणि त्यांचा काळ नीट सांगता येत नाही.

आणि हो, शिवरात्रीची भांग बरेच जण नशेत धरत नाहीत. पण भांगेतही टीएचसीच असतं, तेव्हा नेमाने घेत असाल तर तीही दिसू शकते.