कोल्हापूरच्या सरकारी शाळा नक्की कोण चालवतं, पैसा कुठून येतो आणि मुलीला तिथं घालावं का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून बदली होऊन कोल्हापुरात आलाय, मुलगी पहिलीला जाणार आहे आणि या शाळांचा मालक कोण तेच कळत नाही. खाली एका दादांनी उत्तर दिलंय, "सरकारी शाळा आता खिचडीपुरत्या उरल्यात." त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलेय. नाहीतर शिवायला आलेल्या ब्लाउजांचा ढीग समोर पडलाय आणि लग्नसराई तोंडावर आहे.

मी गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. तालुका सांगत नाही. पश्चिमेचा, पावसाचा, एवढं पुरे. अध्यक्ष कशी झाले तेही ऐका. शिक्षण हक्क कायद्यात समितीवर तीन चतुर्थांश पालक लागतात आणि एकूण निम्म्या बायका लागतात. बायका भरत नव्हत्या. मग गावातल्या एका पुढाऱ्याने माझ्या दिरांकडे निरोप धाडला, "वहिनींचं नाव टाकतो, सहीला पाठवून द्या फक्त." बारावी झालेली बाई मी, बँकेचा फॉर्म अख्ख्या गल्लीचा मी भरून देते, आणि सहीला पाठवून द्या!

सही करायची तर आधी वाचायचं, एवढंच मी ठरवलं. तिथून भांडणाला सुरुवात झाली.

आता पैशाचं. मास्तरांचा पगार राज्य सरकार देतं, तो थेट त्यांच्या खात्यावर जातो, गावाला त्याचा वासही लागत नाही. सगळ्यात मोठा खर्च तोच. पुस्तकं, गणवेश आणि शाळेचं वार्षिक अनुदान समग्र शिक्षा योजनेतून येतं, त्यात रुपयातले ६० पैसे दिल्लीचे आणि ४० मुंबईचे. खोल्या बांधणं, दुरुस्ती हे जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समितीकडून, कधी ग्रामपंचायतीकडून. खिचडीचा तांदूळ केंद्राचा. आणि ती खिचडी शिजवणाऱ्या बाईला माझ्या वेळी महिन्याला २,५०० रुपये मानधन. दादा, त्या खिचडीला नावं ठेवण्याआधी एवढ्या पैशात कुणी चूल पेटवेल का ते विचारा घरात.

वार्षिक अनुदान पटावर ठरतं. १ ते ३० मुलं असली तर १०,००० रुपये. ३१ ते १०० असली तर २५,०००. पुढे १०१ ते २५० ला ५०,००० असं वाढत जातं. याच पैशात खडू, वीजबिल, झाडू-फिनेल, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, सगळं. आमचा पट होता ३१.

त्या जूनमध्ये आमच्या मोठ्या जाऊबाईंनी आपली दोन्ही पोरं काढली आणि इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसवली. थोरला तिसरी पास झालेला, धाकटी पहिली. पट झाला २९. तीस सप्टेंबरच्या पटावर पुढचं गणित मांडतात, तर पुढच्या वर्षीचं अनुदान १५,००० ने खाली आलं. मी हे घरात जेवताना सांगितलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "दोन पोरांनी काय शाळा बुडती व्हय?"

बुडती. कागदावर बुडती, १५,००० ला बुडती. पण घरात हे बोलायची सोय नव्हती, कारण दीर त्या पुढाऱ्याच्याच गटातले.

आणि त्याच वर्षी छप्पर गळायला लागलं. आमची शाळा जुनी, कौलारू. वानरं येतात, फणसावरनं उडी मारतात ती थेट कौलांवर. जुलैत पहिलीच्या पोरांच्या डोक्यावर धार लागली, तेव्हा बाईंनी पहिली-दुसरीला चौथीच्या बाजूला सरकवलं, मधे खिचडीचं पातेलं ठेवलं गळतीखाली. दोन शिक्षक, चार वर्ग, एकच कोरडा कोपरा. पावसाच्या आवाजात बाई पाढे म्हणायच्या तर पोरांना ओठ बघून म्हणावं लागायचं.

मी म्हटलं, कौलं बदलू. मंगलोरी कौलं आता नवी सहजासहजी मिळत नाहीत, पण ज्यांनी घरं पाडून स्लॅब टाकला त्यांच्या परड्यात रचून ठेवलेली असतात. स्वस्तात देतात. पुढाऱ्याचं म्हणणं, "कौलं कशाला? स्लॅबचाच प्रस्ताव धाडू." स्लॅब कुणाचा पुतण्या टाकणार हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. प्रस्तावाचा रस्ता माहितेय का? आधी समितीचा ठराव, मग आसपासच्या शाळांचा गट बघणारे केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग अभियंत्याचं अंदाजपत्रक, मग जिल्हा, मग नियोजन समितीचा निधी, मग प्रशासकीय मान्यता. तोवर दोन पावसाळे जातात. पोरांनी काय करायचं, छत्री घेऊन बसायचं?

एका संध्याकाळी ठरावाची वही माझ्या घरी आली, शिवणाच्या मशीनवर ठेवली गेली. आत लिहिलेलं, "शाळेच्या किरकोळ दुरुस्तीस व त्यासाठी झालेल्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे." रकमेच्या जागी टिंबं. तारीख नाही. सूचक-अनुमोदकांच्या सह्या मात्र झालेल्या. मी वही परत दिली, म्हटलं आकडा भरा, पावत्या आणा, बैठक बोलवा, मग सही. त्या रात्री दीर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासनं गावात, "बाई लई शानी झालीया."

पावत्या कधी आल्या नाहीत. वहीतलं ते पान बैठकीत रद्द केलं, लाल शाईने आडवी रेघ मारून, खाली माझी सही. मग दूध संस्थेच्या चेअरमनना भेटले, सभासदांपुढे विषय ठेवा म्हटलं. संस्थेने कौलांचे पैसे दिले. तरणी पोरं रविवारी वर चढली आणि दुपारपर्यंत कौलं बदलून मोकळी झाली. जिलेबी मी दिली.

एक बोचतं ते बोलतेच. आमच्या गावात म्हाईची, म्हणजे गावजत्रेची, वर्गणी घरटी पावती फाडून चार दिवसांत गोळा होते, बकऱ्यांचा हिशोब देवळासमोर फळ्यावर लागतो. शाळेच्या वर्गणीचं नाव काढलं की "सरकार देतंय की." सरकार देतंय ते १०,००० रुपये, आणि ते पण आमच्या हाती पडायला फेब्रुवारी संपत येतो. मार्चअखेर खर्च दाखवला नाही तर परत. पावसात गळणाऱ्या छपराला मार्चमधल्या पैशाचा काय उपयोग?

हे शाहू महाराजांचं गाव म्हणून मिरवतो आपण. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. माझ्या मते आज तो दंड ज्यांची पोरं गावच्या शाळेत नाहीत आणि तरी गावच्या शाळेच्या बांधकामावर डोळा आहे, त्यांना लावावा. मास्तरांनाही लावा हवं तर. किती जणांची पोरं जिल्हा परिषदेत आहेत, विचारा.

कारभार कोण बघतं याचं सरळ उत्तर असं. नागाळा पार्कात जिल्हा परिषद, तिथं मुख्य कार्यकारी अधिकारी आणि प्राथमिकचे शिक्षणाधिकारी. बारा तालुक्यांत बारा पंचायत समित्या, तिथं गटशिक्षणाधिकारी, त्यांच्याखाली विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक. निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण समिती वर असते. पण मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मग प्रशासक, म्हणजे सगळा कारभार अधिकाऱ्यांकडे. माझं अध्यक्षपद त्याच काळातलं. सदस्य असले की निदान कुणाच्या तरी दारात जाऊन ओरडता येतं, मतासाठी का होईना ऐकून घेतात. पगार, पाठ्यपुस्तक आणि पदं राज्याच्या हातात, इमारत जिल्ह्याच्या, आणि गावाच्या हातात ती एक ठरावाची वही. ती वही वाचली नाही की झालं.

शिकवतात कसं? शिकवायला मिळालं तर चांगलं शिकवतात. आमच्या बाई डी.एड. झालेल्या, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास. इंग्लिश मीडियमच्या छोट्या शाळांत काय पात्रतेवर नेमतात ते जाऊबाईंनी एकदा विचारावं. पण बाईंच्या मोबाइलवर दिवसभर "माहिती तात्काळ सादर करावी", वर मतदार यादीचं काम, वर प्रशिक्षण. एक शिक्षक बाहेर गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात.

स्कॉलरशिपला आपला जिल्हा पूर्वीपासून पुढे. कागल, भुदरगड, राधानगरीकडच्या जिल्हा परिषदेच्या विद्यामंदिरांतले मास्तर पहाटे जादा तास घेतात, त्याचे पैसे कुणी देत नाही. पण २०१६-१७ ला ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली आणि चौथीपर्यंतच्या आमच्यासारख्या शाळांच्या हातातून ती गेलीच. गावाला दाखवायला जे होतं तेच गेलं. आता परत चौथी-सातवीवर आणायचं ठरलंय, बरं झालं.

माझी मुलगी चौथीत असताना संस्थेतली दुधाची पावती बघून फॅट, एसएनएफ (दुधाचा कस), लिटर, दर, सगळं वाचून दहा दिवसांचं बिल तोंडी काढायची. संस्थेच्या क्लार्कची चुकलेली बेरीज एकदा तिने दाखवून दिली. इंग्रजी बोलण्यात मात्र ती मागे पडली, पाचवीला गेल्यावर रडली, ते खोटं सांगणार नाही. जाऊबाईंचा थोरला कविता धडाधड म्हणतो इंग्रजीत. अर्थ विचारला तर आईकडे बघतो.

आता एक सांगायचं राहिलं. तुम्ही शहरात राहताय, म्हणजे वरचं निम्मं तुम्हाला लागूच नाही. शहरातल्या शाळा महापालिकेच्या, त्यांची प्राथमिक शिक्षण समिती वेगळी, प्रशासनाधिकारी वेगळे, पैशाची वाट पण थोडी वेगळी. तिथलं आतलं मला फारसं ठाऊक नाही. काही शाळांत पोरं शोधावी लागतात, आणि जरगनगरची महापालिकेची शाळा अशी की प्रवेशासाठी पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगेत उभे राहतात. सरकारी शाळेसाठी रांग! तेव्हा "कोल्हापूरच्या सरकारी शाळा" असं एकगठ्ठा उत्तर कुणी दिलं तर ऐकू नका, माझंही नको. घराजवळच्या दोन-तीन शाळांत जा, दुपारी जा, सकाळी सगळेच नीटनेटके असतात. तिसरीच्या कुठल्याही पोराला फळ्यावरचं वाचायला सांगा. पट किती, शिक्षक किती, त्यातले आज हजर किती ते विचारा. समितीच्या बैठकीची वही मागा, पालक म्हणून तुमचा तो हक्क आहे. देताना मुख्याध्यापकांची कुरकुर झाली तर समजून जा. आणि मुलीला घातलीत तर समितीवर जा. नुसतं सहीपुरतं जायचं असेल तर नका जाऊ.

माझी मुदत दोन वर्षांनी संपली. आता दुसऱ्या कुणाची तरी बायको अध्यक्ष आहे, सह्या वेळेवर होतात म्हणे. स्लॅबचा प्रस्ताव अजून कुठल्या टेबलावर आहे, देव जाणे. कौलं टिकून आहेत.

जाऊबाई इथं नसतात, पण त्यांचा मोबाइल थोरल्याच्या हातात असतो. त्याने हे आईला वाचून दाखवावं. वाचता येतंय त्याला, तिसरीपर्यंत आमच्याच शाळेत होता.