मामांचं हॉटेल आणि स्लॉट मशीनचा परवाना

प्रश्न : बायकोच्या मामांचं गोव्यात, बार्देश तालुक्यात समुद्राजवळ ४० खोल्यांचं थ्री-स्टार हॉटेल आहे. ते पाडून नवं बांधायचं त्यांच्या मनात आहे आणि मला १५ लाख घालायला सांगतायत. ‘फाइव्ह स्टार उभं राहिलं की स्लॉट मशीनचा परवाना आपोआप मिळतो’, असं म्हणतात. शिवाय महाराष्ट्रातही १९७६ चा कॅसिनो कायदा आहे, त्यामुळे चार मशीनं माझ्या लॉजवर बसवू, असंही त्यांचं चाललंय. वकीलबाई, पैसे घालू का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आधी लॉजचं बघू. महाराष्ट्राने तो कायदा केला खरा, पण तो कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तर रद्दच झाला. उरला १८८७ चा जुगारबंदी कायदा. मशीनं बसवलीत तर गिऱ्हाइकाआधी पोलीस येतील.

गोव्याचा कायदाही मुळात जुगार रोखण्याचाच, तोही १९७६ चा. कलम १३-अ हा त्यातला १९९२ चा अपवाद. सरकार पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला मुभा ‘देऊ शकतं’. देईलच, असं तिथे लिहिलेलं नाही. पत्त्यांसारखे टेबलावरचे जुगारी खेळ फक्त ‘ऑफशोअर’, म्हणजे किनाऱ्यापासून दूरच्या जहाजांवर. (ही ऑफशोअर जहाजं पणजीच्या रस्त्यावरून दिसतात, पण ते असो.)

तुमच्या मामांची खरी अडचण मशीन नाही, जोतं आहे, म्हणजे इमारतीने जमिनीवर व्यापलेली जागा. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत जुन्या अधिकृत इमारतीची पुनर्बांधणी चालते. जोतं आणि चटईक्षेत्र मात्र वाढवता येत नाही. तेवढ्याच जागेत स्विमिंग पूल, मोठ्या खोल्या नि फाइव्ह स्टारचा थाट कुठून बसवणार? हॉटेल या २०० मीटरपलीकडे असेल तरी नगरनियोजन खातं, पंचायत, किनारपट्टी प्राधिकरण ही दारं आहेतच. मग केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची पाहणी आणि तारे. तेही पाच वर्षांपुरते. मशीनचा अर्ज त्यानंतर, वेगळ्या टेबलावर, गृहखात्याकडे. बांधकामाचा परवाना दाखवून तिथे काही मिळत नाही. आणि सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे, तो मामांच्या हिशेबात धरलाय का?

माझ्या एका अशिलाने परवान्याआधीच जुनी मशीनं उचलली. दोन वर्षं ती गोदामात ताडपत्रीखाली पडून होती. भाडं मशीनच्या किमतीवर गेलं, तेव्हा माझ्याकडे आला. तोवर मी काय करणार, कपाळ?

मामांकडे दोनच कागद मागा : आत्ताच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आणि भरतीरेषा दाखवणारा सर्व्हेचा नकाशा. हे दोन मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. नात्यामुळे द्यावेच लागले तर भागीदारी नको, कर्ज म्हणून व्याजासकट लिहून घ्या. आणि सही बायकोसमोर घ्या. मामा तिचे आहेत.