गेमपॅडला माऊस बनवायला जाऊ नका: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या आरपीजींबद्दल (पात्रं घडवून, त्यांची टोळी घेऊन खेळायचे गेम) चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, आणि निम्म्या पत्रांत एकच विषय: टेबल-खुर्ची सोडून आरामात टेकून, हातात पॅड घेऊन हे गेम खेळता येतात का. येतात. सगळे सारखेच मस्त खेळता येतात असं मात्र नाही. निवडक प्रश्न घेतलेत, काही पत्रं लांब होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: बाल्डर्स गेटची एनहान्स्ड एडिशन (जुन्या गेमची नव्याने केलेली आवृत्ती) पीसी टीव्हीला जोडून खेळतोय. पॅडच्या उजव्या स्टिकला, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या दांडीला, माऊस केला, ए बटणाला क्लिक दिलं, पण वैताग आलाय नुसता. पॉइंटर एकतर गोगलगायीसारखा सरकतो नाहीतर दाराच्या पलीकडे उडी मारतो. सेन्सिटिव्हिटी वरखाली करून थकलो. हे असंच असतं का माझं काही चुकतंय?

उत्तर: सेन्सिटिव्हिटीने हे सुटणारच नाही, कारण दुखणं वेगळंच आहे. माऊस जितका सरकवाल तितका पॉइंटर सरकतो आणि हात थांबला की तोही थांबतो. स्टिक अंतर सांगत नाही, वेग सांगते, म्हणजे पॉइंटर कुठे जायचं ते न सांगता किती जोरात जायचं तेवढंच तुम्ही सांगता, आणि योग्य जागी आला की अंगठा वेळेवर सोडायचं काम तुमच्याकडेच. त्यात बाल्डर्स गेट १९९८ चा, ६४० बाय ४८० च्या स्क्रीनसाठी बनवलेला, बारीक बारीक बटणं तिन्ही बाजूंनी. प्रत्येक बटणापाशी स्टिकने जायचं म्हटलं तर कुणीही वैतागेल.

म्हणून पहिलं काम हे करा की पॉइंटरचं काम कमी करा. इन्फिनिटी इंजिनच्या गेम्समध्ये (बाल्डर्स गेट, प्लेनस्केप, आइसविंड डेल हे त्यातलेच) जवळपास सगळ्याला कीबोर्डची की आहे आणि लोक ती विसरतात. स्पेसने पॉज, १ ते ६ ने पार्टीतला (आपल्या टोळीतला) एकेक जण, बरोबरच्या चिन्हाने सगळी पार्टी, एफ१ ते एफ१२ ने खालच्या पट्टीतली बटणं, आय म्हणजे सामान, एम म्हणजे नकाशा, जे म्हणजे जर्नल, क्यू म्हणजे क्विक सेव्ह. बाणांच्या कीजनी नकाशा सरकतो. हे सगळं पॅडवर बसवलं की पॉइंटरकडे उरतं काय, तर जमिनीवर कुठे जायचं, कुणावर हल्ला करायचा आणि मंत्र कुठे टाकायचा.

माझी मांडणी सांगतो, आवडली तर घ्या. डावी स्टिक म्हणजे बाण, नकाशा सरकवायला. उजवी स्टिक पॉइंटर. उजवा ट्रिगर (पॅडच्या मागच्या कडेची खालची कळ) डावं क्लिक, डावा ट्रिगर उजवं क्लिक. डी-पॅडवर (चार दिशांच्या बटणावर) १ ते ४, आणि डावा बंपर (ट्रिगरच्या वरची कळ) दाबून धरला की त्याच डी-पॅडवर ५ आणि ६. मोठ्या चार बटणांपैकी हाताला सगळ्यात सोयीचं असेल त्यावर स्पेस, कारण हे बटण तुम्ही बाकी कशाहीपेक्षा जास्त दाबणार आहात. दुसऱ्यावर टॅब, म्हणजे दारं आणि पेट्या चमकतात आणि स्क्रीनभर पॉइंटर फिरवून शोधाशोध करावी लागत नाही. डावा बंपर दाबून धरल्यावर हीच चार बटणं सामान, नकाशा, जर्नल, क्विक सेव्ह होतात. उजव्या बंपरखाली एफ-कीज. यातली गंमत म्हणजे संवादात उत्तरं निवडायलाही आकडेच चालतात, त्यामुळे लढाईत माणूस निवडणारा डी-पॅड बोलताना आपोआप उत्तरं निवडायला लागतो, वेगळं काही करावं लागत नाही.

आता उरलेल्या पॉइंटरसाठी एकच युक्ती. एखादं बटण, समजा स्टिकचंच दाबणं, असं ठेवा की ते धरलं की पॉइंटरचा वेग तिसऱ्या हिश्शावर येतो. स्टीम इनपुटमध्ये (स्टीम या गेमच्या दुकानातली पॅडची मांडणी करायची सोय) याला मोड शिफ्ट म्हणतात. लांबचा पल्ला वेगात मारायचा आणि शेवटचं दोन बोटं अंतर हळू. फायरबॉलचंच घ्या, बाल्डर्स गेटमधला फायरबॉल आपला-परका बघत नाही, सगळ्यांनाच भाजतो. पॉज करायचं, डी-पॅडने जादूगार निवडायचा, उजवा बंपर धरून क्विक स्पेलची एफ-की, पॉइंटर शत्रूंच्या घोळक्याकडे, मग वेग उतरवून तो घोळक्याच्या मधोमध न टाकता मागच्या कडेला नेऊन ठेवायचा, म्हणजे पुढे लढणारे आपले दोघं आगीच्या घेराबाहेर राहतात, मग ट्रिगर. पॉज असल्यामुळे घाई कसलीच नाही, एक मिनिट लागलं तरी घड्याळ थांबलेलं आहे. स्टिकने हे होत नाही म्हणणाऱ्यांनी बहुतेक पॉज न करता प्रयत्न केलेला असतो.

प्रश्न: पॉजचं बटण दाबेपर्यंत माझा चेटक्या मेलेला असतो. पॅडवर रिअल टाइम लढाई झेपत नाही. काय करू?

उत्तर: ऑटोपॉज चालू करा. ऑप्शन्समध्ये आहे, लोक त्याकडे ढुंकून बघत नाहीत. शत्रू दिसला की थांब, आपल्याला मार लागला की थांब, समोरचा मेला की थांब, सापळा सापडला की थांब, अशा खुणा वेगवेगळ्या लावता येतात. अगदीच गडबडत असाल तर राऊंड संपल्यावर थांबायचीही सोय आहे, एक राऊंड सहा सेकंदांचा, म्हणजे गेम जवळजवळ टर्न-बेस्ड, पाळीपाळीने खेळायचा, होऊन जातो. थोडा कंटाळवाणा होतो हे खरं. मी स्वतः शत्रू दिसला आणि समोरचा मेला एवढे दोनच ठेवतो.

प्रश्न: पॅडवर सुरुवात करायची तर फॉलआऊट घेऊ, प्लेनस्केप टॉरमेंट घेऊ की नेव्हरविंटर नाइट्स? तिन्ही कधीच खेळलेले नाहीत.

उत्तर: आधी प्लेनस्केप. १९९९ चा गेम, लढाई त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट, निम्मा वेळ तुम्ही वाचत असता आणि उत्तरं निवडत असता, म्हणजे पॅडसाठी बनवल्यासारखाच. अक्षरं दिसली पाहिजेत एवढी एकच अट, त्याबद्दल खाली लिहिलंय.

फॉलआऊट १९९७ चा आणि दुसरा भाग १९९८ चा. लढाई टर्न-बेस्ड असल्यामुळे पॉइंटर कितीही रेंगाळला तरी बिघडत नाही, नेम धरून गोळी मारायची तर शरीराच्या आठ भागांची यादी समोर येते, त्यातलं एक निवडायला कुणाला त्रास होत नाही. आय, सी, पी, एस या कीज सामान, कॅरॅक्टर, पिपबॉय (मनगटी कॉम्प्युटर) आणि स्किलडेक्स (कौशल्यांची यादी) उघडतात, ए ने लढाई सुरू, स्पेसने पाळी संपली, सगळं पॅडवर बसतं. कुठे अडतं, तर सामानात. प्रत्येक वस्तू क्लिक धरून ओढायची आणि सोडायची, व्यापार करताना तर इकडून तिकडे पन्नास वेळा, आणि ट्रिगर दाबून ठेवून स्टिकने ओढणं हे त्रासदायक आहे ते आहेच. दुसऱ्या भागात सगळं एकदम उचलायचं बटण आलं, त्याने लूट तरी सुटली. व्यापाराच्या वेळी मी सरळ माऊस उचलतो, त्यात कमीपणा काही नाही.

नेव्हरविंटर नाइट्स २००२ चा. पीसीवर तो शेवटी ठेवा, कॅमेरा आणि पॉइंटर दोन्ही सांभाळताना नव्या माणसाची तारांबळ उडते. २०१९ मध्ये त्याची एनहान्स्ड एडिशन कन्सोलवर आली, ती मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न: मग कन्सोलवरचीच आवृत्ती घेतलेली बरी नाही का? एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: ज्यांना मांडणी करत बसायचा कंटाळा आहे त्यांनी खरंच तेच करावं. बाल्डर्स गेट, प्लेनस्केप, आइसविंड डेल हे सगळे २०१९ मध्ये कन्सोलवर आले, त्यात स्टिक ढकलली की माणूस चालतो, क्लिक करून पाठवावा लागत नाही. पिलर्स ऑफ इटर्निटी २०१५ ला पीसीवर आला आणि २०१७ ला कन्सोलवर, तिथेही हाच प्रकार. फरक एवढाच की मॉड्स (खेळणाऱ्यांनी केलेले फेरबदल) गेले. बाल्डर्स गेट २ ज्यांनी मॉड्ससकट खेळलाय त्यांना विचारा, ते पॅड फेकून देतील पण मॉड्स सोडणार नाहीत.

डिव्हिनिटी आणि बाल्डर्स गेट ३ करणाऱ्या लॅरियनवाल्यांनी हा प्रश्न सगळ्यात नीट सोडवलाय असं माझं मत. डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २०१४ चा, पुढच्या वर्षी एनहान्स्ड एडिशन आली तेव्हा पॅडसाठी सगळा इंटरफेस नव्याने केला, आणि २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये तर पीसीवर पॅड हातात घेतला की स्क्रीनच बदलते, खालची बटणांची लांबलचक पट्टी जाऊन गोल मेन्यू येतात. बटण धरून ठेवलं की तुमच्याभोवती एक वर्तुळ मोठं होत जातं आणि त्यात सापडलेल्या वस्तूंची यादी येते, पॉइंटरने एकेक बाटली टिपत बसायची गरज नाही. थोडक्यात त्यांनी स्टिकला माऊस केलंच नाही.

प्रश्न: मित्र म्हणतात की पॅडवर खेळलेला खरा सीआरपीजी (कॉम्प्युटरवरचा आरपीजी) नव्हेच, गोल मेन्यू वगैरे कन्सोलवाल्यांची थेरं. काय उत्तर देऊ?

उत्तर: मित्रांना प्लेनस्केप पुन्हा लावायला सांगा आणि उजवं क्लिक धरायला सांगा. गोल मेन्यू उघडतो. १९९९ साली, फक्त पीसीवर निघालेल्या गेममध्ये. नेव्हरविंटर नाइट्समध्ये उजव्या क्लिकला आठ कप्प्यांचा गोल मेन्यू आहे, आणि २००३ च्या टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिलमध्ये तर अख्खी लढाई गोल मेन्यूतून चालते. ही पीसीवाल्यांचीच थेरं आहेत.

आणि मागे जायचं तर अजून मागे जा. विझर्डी हा आरपीजी १९८१ चा, तेव्हा माऊस कुणाकडे होता, सगळं कीबोर्डवर. जपानमध्ये १९८६ ला ड्रॅगन क्वेस्ट आला, तो करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर विझर्डी आणि अल्टिमाच होते, त्यांनी तो पसारा चार दिशा आणि दोन बटणांच्या पॅडवर बसवला, बोल, बघ, दार उघड अशा आज्ञांची यादी करून. पुढच्याच वर्षी विझर्डी स्वतःच त्या पॅडवर गेला. म्हणजे माऊसवर राज्य करणारे आरपीजी हा मधला एक काळ आहे, तो फार गोड काळ आहे, मलाही तोच सगळ्यात जास्त आवडतो, पण म्हणून बाकीचे खोटे ठरत नाहीत. आय ऑफ द बिहोल्डरसारखे चौकटी-चौकटीने चालायचे गेम डी-पॅडवर माऊसपेक्षा बरे वाटतात असं माझं ठाम मत आहे, मित्र चिडले तर चिडू देत.

प्रश्न: कुठला पॅड घेऊ? जायरो जायरो म्हणतात ते काय?

उत्तर: पॅड हातात किंचित वळवला की पॉइंटर सरकतो, तो जायरो. वळणं थांबलं की पॉइंटर थांबतो, म्हणजे माऊससारखंच वागणं, आणि म्हणूनच जुन्या गेमसाठी तो सोन्यासारखा. प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्समध्ये आहे, वर टचपॅडही आहे. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या पॅडमध्ये नाही. स्टीम डेकवर जायरो आणि दोन ट्रॅकपॅड दोन्ही आहेत, इन्फिनिटी इंजिनसाठी त्याहून सोयीचं हातात धरायचं यंत्र मी तरी पाहिलेलं नाही. जायरो कायम चालू मात्र ठेवू नका, एखाद्या बटणाला बोट लावलं की चालू असा ठेवा, नाहीतर जांभई दिली तरी पॉइंटर भटकतो.

प्रश्न: लांबून अक्षरंच दिसत नाहीत हो. चष्म्याचा नंबर वाढलाय की काय?

उत्तर: चष्म्याचा दोष नाही. जुन्या गेममध्ये अक्षरांचं माप पिक्सेलमध्ये ठरलेलं, रिझोल्यूशन वाढवलं की सगळंच बारीक होतं. एनहान्स्ड एडिशन्समध्ये अक्षरं मोठी करायची आणि इंटरफेस ताणायची सोय आहे, ती वापरा. मूळ आवृत्ती असेल तर रिझोल्यूशन उलट कमी करा. चित्र थोडं भरड दिसेल, पण वाचता येईल.

प्रश्न: मनगट दुखतं म्हणून माऊस सोडला, आता पॅडने अंगठा दुखायला लागलाय.

उत्तर: आधी डॉक्टरांना दाखवा, हे मासिक त्यासाठी नाही. गेमपुरतं बोलायचं तर क्लिकची धरपकड कमी करा, टॉगल वापरा, म्हणजे एकदा दाबलं की धरलं, पुन्हा दाबलं की सोडलं. टर्न-बेस्ड गेम निवडा. मायक्रोसॉफ्टचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ पासून आहे, त्याला मोठी बाहेरची बटणं किंवा पायाने दाबायचा स्विच जोडता येतो, आणि पॉज-स्पेससारखं एकच काम पायाकडे गेलं तरी हाताला बराच आराम पडतो.

प्रश्न: अँटीमायक्रोएक्स (पॅडच्या बटणांना कीबोर्डच्या कीज लावणारा प्रोग्रॅम) टाकलं, कीज लावल्या, पण गेममध्ये एकदा बटण दाबलं की सामान उघडून लगेच बंद होतं. पॅड खराब आहे का?

उत्तर: बहुतेक पॅड ठणठणीत आहे आणि तुमचं एक दाबणं गेमला दोनदा पोचतंय. नोटपॅड उघडा आणि तेच बटण दाबा. अक्षर दोनदा उमटलं तर मागे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी कीज पाठवतायत, बऱ्याचदा दुसरा म्हणजे स्टीमची डेस्कटॉप मांडणी, ती बंद करा. नोटपॅडमध्ये एकदाच उमटलं आणि गेममध्ये दोनदा, तर गेम स्वतःच पॅड वाचतोय, मग गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन पॅड बंद करा किंवा कीज लावायचा प्रोग्रॅमच काढून टाका, दोघांपैकी एकच ठेवायचा.