जर्मनीत गेल्यावर तिथलं खातं काढू का? काढच भावा

सांगलीतल्या बँकेचं कार्ड घेऊन चालेल असं घरचे म्हणत असतील, पण तेवढ्यावर राहू नको. पहिले काही आठवडे ठीक आहे, पण आपल्या कार्डावर दर स्वाइपला फॉरेक्स मार्कअप, म्हणजे चलन बदलायचा जादा आकार, आणि वर जीएसटी, आणि भाडं, मोबाईल, हेल्थ इन्शुरन्स हे सगळं तिथं आयबान, म्हणजे तिकडच्या खात्याच्या नंबरवरनं थेट खात्यातून कापून घेतात, मग तिथलं खातं नसेल तर पगार कुठं घेणार आणि घरमालकाला काय देणार? आधी पत्त्याची नोंदणी कर, ते मेल्डेबेशायनिगुंग, म्हणजे नोंदणीचा दाखला, मिळालं की बँकेत जा. एखाद्या बँकेनं नाही म्हटलं तर घाबरू नको, 2016 पासून तिथं कायद्यानं राहणाऱ्याला बाझिसकोंटो, म्हणजे साधं खातं मागायचा हक्क आहे. महिन्याची फी मात्र विचारून घे, काही बँका बऱ्यापैकी लावतात. ठेवीला 1 लाख युरोपर्यंत संरक्षण असतं, ती काळजी नको.

आता इकडचं, हे लोक हमखास विसरतात. नोकरीला गेलास की तुझं इथलं साधं सेव्हिंग एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं, फेमाचा म्हणजे परकीय चलन कायद्याचा नियमच आहे तो. आईबाबांसाठी, प्लॉटसाठी पैसे पाठवणार असशील तर एनआरई, म्हणजे तिकडची कमाई इथं ठेवायचं खातं, काढ, त्याच्या व्याजावर इथं टॅक्स नाही आणि पैसे परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस, म्हणजे बँकच आधी कापते तो टॅक्स, वर सेस. प्रत्येक सहकारी बँकेत एनआरई निघत नाही, म्हणून जायच्या आधीच विश्रामबागला शाखेत जाऊन विचार. आणि भारतातलं सिम चालू ठेव बाबा, ओटीपी बहुतेक त्यावरच येतो.