नाव कुणाचं झाकायचं

शहादा,
दिवाळीनंतरचा आठवडा

प्रिय मित्रा,

तुझी बातमी आणि फोटो दोन्ही रात्रीच मिळाले. ऊसतोडीसाठी धडगावहून गुजरातकडे निघालेली पिकअप, पुढे बोचकी, मागे उभी माणसं आणि फळीला धरून उभी असलेली दहा-अकरा वर्षांची पोरगी, कडेवर धाकटा भाऊ. फोटो चांगला आलाय. म्हणूनच सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. तो डेस्कला अजून पाठवू नकोस.

बातमी दोनदा वाचली. पोरीचं नाव आहे, पाड्याचं नाव आहे, इयत्ता आहे, बापाचं नाव आहे. आणि शेवटच्या ओळीत, ‘याकडे प्रशासनाचे दुर्लक्ष होत असल्याची चर्चा आहे.’ कोणतं प्रशासन, बाबा? गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, की कारखाना ज्या तालुक्यात आहे तिथला? उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन मजुरांची गाडी भरणाऱ्या मुकादमाबद्दल एक शब्द नाही. म्हणजे ज्याला झाकायचं ते उघडं पडलंय आणि ज्याला उघडं करायचं ते ‘चर्चा आहे’ या गोधडीखाली निवांत झोपलंय. आपल्या धंद्यात हे इतकं अंगवळणी पडलंय की उपसंपादकाचाही हात अडखळत नाही.

मीही तेच केलंय. वार्ताहर होऊन दोनेक वर्षं झाली असतील. एका गावात नववीतल्या पोरीचं लग्न थांबवलं गेलं. मी नाव दिलं नाही, गावही दिलं नाही, फक्त परिसर लिहिला. पण बातमीला जरा रंग यावा म्हणून लिहिलं, ‘आईवडील ऊसतोडीला गेल्याने आजीकडे राहणारी, रोज सायकलने शाळेला जाणारी ही मुलगी…’ त्या वाक्यावर मी खूश होतो. त्या भागात सायकलने शाळेला जाणारी पोरगी एकच होती, हे मला माहीत नव्हतं. आठवड्यानं गावात गेलो, तर स्टँडवरचा चहावाला म्हणाला, “नाव नही टाकं, पन आख्ख्या गावले समजनं ना, भाऊ!” पोरगी तोवर आजीकडे नव्हती. गुजरातेत नेऊन तिचं लग्न उरकलं होतं. सायकल पडवीत उभी होती.

तेव्हापासून मुलाची बातमी लिहून झाली की मी ती त्याच गावच्या पानटपरीवाल्याच्या डोळ्यांनी वाचतो. त्याला ओळख पटली, तर सगळ्यांना पटली. नाव काढणं सोपं असतं. नावापर्यंत नेणारी पायवाट काढणं अवघड. गणवेशाचा रंग, मागे दिसणारी शाळेची पाटी, हातावरचं गोंदण, बापाचा धंदा, ‘बोलणाऱ्या’ मामाचा चेहरा. हल्ली पोर्टलवाले पोरीचा चेहरा धूसर करतात आणि आईची बाईट उघड्या चेहऱ्यानं दाखवतात. मग झाकलं काय?

कायदा तुला ठाऊक असेल, तरी सांगतो. 2012च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याचं कलम 23 पीडित मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, यातलं काहीही उघड करू देत नाही. सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि मालक-प्रकाशकही जबाबदार. परवानगी द्यायची तर विशेष न्यायालयानं, तीही मुलाच्या हिताची असेल तरच. ‘बापानेच फोटो दिला’ हे उत्तर तिथं चालत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 तर विधिसंघर्षग्रस्त बालकालाही, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलालाही, तेच संरक्षण देतं, म्हणून चोरीत सापडलेल्या पोराचा ‘अट्टल’ म्हणून फोटो टाकायचा नाही. पोलीस ग्रुपवर आला असला तरी नाही.

पण सगळी चूक ओळखीपाशीच होते असं समजू नकोस. मे 2023 मध्ये बिहारहून येणाऱ्या गाडीतून 59 मुलांना भुसावळ आणि मनमाडला उतरवून घेतलं. बालतस्करीचा गुन्हा दाखल झाला, सोबतचे मदरशाचे शिक्षक कोठडीत गेले, मुलं आईबापांपासून दूर बालगृहांत राहिली. पुढच्या वर्षी तपासात निघालं की तस्करी नव्हतीच, गैरसमज होता, आणि प्रकरण बंद झालं. ग्रंथालयात जा, फायली काढ. ‘सुटके’ची बातमी किती कॉलमी होती आणि प्रकरण बंद झाल्याची किती, ते तूच फूटपट्टीनं मोज. पोरांच्या नावानं छापताना घाई केली की त्याची किंमतही पोरंच मोजतात. ‘तस्करी’ हा गुन्ह्यातला आरोप आहे, तो अवतरणचिन्हांत ठेवायला शीक.

आणि बातमी छापून आली की आपण मोटारसायकलला किक मारून मोकळे होतो, तेही तपासून बघ. 1993 च्या सुमारास बांगलादेशात असंच झालं. बालमजुरांनी शिवलेल्या कपड्यांना अमेरिकेत बंदी घालायचं विधेयक आलं, गवगवा झाला, आणि कारखानदारांनी घाबरून हजारो पोरांना एका झटक्यात काढून टाकलं. जगानं टाळ्या वाजवल्या. नंतर माग काढला तेव्हा कळलं, की त्यातली बरीच पोरं शाळेत गेलीच नव्हती, खडी फोडण्यासारख्या आणखी वाईट कामाला लागली होती. मग 1995 मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला, की आधी शाळेची सोय, मग कामावरून सुटका. हा क्रम कुणीतरी मागे जाऊन पाहिलं म्हणून सुचला.

आता तुझ्या पिकअपकडे येऊ. ती पोरगी ऊस तोडणार नाही. ती पडावावर, म्हणजे तोडणाऱ्यांच्या खोपटांच्या वस्तीवर, भाऊ सांभाळणार, पाणी आणणार, भाकरी थापणार. ती नसेल तर आई फडात जाऊ शकत नाही आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात, तो अर्धा होतो. म्हणून ती कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नसते आणि शाळेच्या पटावर मात्र असते. खरी बातमी या दोन कागदांच्या मधल्या फटीत आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं स्थानिक प्राधिकरणावर टाकलीय. जाणाऱ्या मुलांना, तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून, शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. किती दिली, विचार. सहा महिन्यांच्या पोरासाठी पडावावर अंगणवाडी पोचते का, विचार. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता त्याचं पदनाम बदललंय, काम तेच). त्याला विचार, की या हंगामात किती लग्नांची कुणकुण लागली. या सगळ्यांची पदं लिही, तारखा लिही, काय उत्तर दिलं तेही लिही. उत्तर दिलं नसेल तर तेही.

पोरीशी बोलला असशील तर काय बोलली ते मला कळव. बातमीत तिचं एकही वाक्य नाही. तिचं नाव नको, पण तिचं म्हणणं हवं. गाडी सुटताना ती काय सोबत नेत होती, हेही बघायला हवं होतंस.

फोटोचं म्हणशील, तर पिकअपचा मागून काढलेला असेल तो लाव, चेहरे नसलेला. डेस्क कुरकुर करेल, करू दे. गाडी भरली त्या पाड्यांच्या शाळांची ऑक्टोबर आणि डिसेंबरची हजेरी मिळव आणि शेजारी शेजारी छाप. काठी गावच्या होळीला सगळे परततात, तेव्हा पुन्हा जा आणि कोण पटावर परत आलं ते मोज.

हजेरी मिळाली की फोन कर. सकाळी दहापर्यंत मी मळ्यात असतो, तिथं रेंज नसते.

तुझा,
नाना