सेन्सर बदलण्याआधी वायर बघ

तुझी गाडी गरम झाली की बंद पडते, तासाभराने आपोआप सुरू होते असं म्हणतोस, म्हणून लगेच डिझेल पंप खोलू नकोस. हे लक्षण बऱ्याचदा क्रँक सेन्सरचं, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरचं असतं. माझी पिकअप टोमॅटोचे क्रेट भरून कसारा घाटात अशीच दोनदा थांबली होती, त्यामुळे तुझी घालमेल मला कळते.

स्टार्टर मारताना स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून कोड वाचायचं यंत्र) आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे बघ. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, शिवाय पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा बिघाड-कोड, तर संशय पक्का. पण हा कोड सर्किटचा, म्हणजे वायर आणि कनेक्टर धरून आहे, नुसत्या सेन्सरचा नाही! नाशिकच्या द्वारकेला जाऊन नवा पार्ट आणण्याआधी कनेक्टर काढून नीट बघ. प्रेशरने गाडी धुतली की आत पाणी राहतं, पिनांवर हिरवट थर चढतो. माझ्या गाडीत वायर ब्रॅकेटला घासून तांबं उघडं पडलं होतं. सेन्सर ठणठणीत होता.

सेन्सर दोन पिनांचा असेल तर मल्टीमीटरने ओहम (विजेचा रोध) मोज, गार आणि गरम दोन्ही वेळा. तीन पिनांच्या हॉल सेन्सरला (हा बाहेरून वीज मिळाल्यावरच चालतो) ओहम लावू नकोस, त्याचा सप्लाय तपास.

बदलायचाच ठरला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. बोल्ट काढल्यावर सेन्सर हळूहळू फिरवत ओढ, पान्ह्याने उचकटलास तर टोक आतच तुटेल. नव्याच्या ओरिंगला (रबरी कडीला) इंजिन ऑइलचं बोट लाव. कोड पुसून, माल भरून, भर दुपारी एक फेरी मार.